उभी गाडी जास्त खाते

पत्र सांगलीकडच्या एका वाचक ताईंचं आहे. नावगाव बाजूला ठेवून त्यांची अडचण अशी:

ताई ४७ वर्षांच्या, माध्यमिक शाळेत शिक्षिका. दारात वडिलांची, म्हणजे अण्णांची, १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. ताई तिच्यावरच गाडी शिकल्या. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा अण्णांनी घरातलं सामान मागे ठेवून आधी गाडी मिरजेला नेऊन लावली, ही गोष्ट घरात अजून सांगतात. शेवटची तीन-चार वर्षं मात्र त्यांच्याने गाडी फारशी काढवत नव्हती. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि गाडी ताईंकडे आली. गेल्या वर्षभरात तिच्यावर ७४,००० रुपये खर्च झाले आणि ती चालली ६१० किलोमीटर. सगळी बिलं त्यांनी पत्राला जोडली आहेत. आता बहात्तर वर्षांचे मिस्त्री, ज्यांना सगळे चाचा म्हणतात, सांगतायत की इंजिन काम मागतंय, साठ हजार धरून चाला. नवरा म्हणतो, पुरे झालं. कॅनडातला भाऊ फोनवर बजावतो, ‘अण्णांची गाडी विकायची नाही’, आणि खर्चाचा विषय निघाला की ‘इलेक्ट्रिक करून घे’ म्हणून मोकळा होतो. एका हॉटेलवाल्याने दीड लाख देऊ केलेत. त्याला गाडी कापून पुढच्या भागाचं काउंटर करायचंय. याच वर्षी नोंदणीची मुदत संपते, त्यामुळे विषय पुढे ढकलता येत नाही. आईला त्यांनी विचारलेलं नाही, ‘तिला वाईट वाटेल’ म्हणून. शेवटी त्या लिहितात: ‘गाडी म्हातारी झाली, ती पैसे खाणारच, हे मला कळतं. पण तिला विकणं म्हणजे अण्णांना दुसऱ्यांदा पोचवून येणं. मी भावनेच्या भरात संसाराचे पैसे उडवतेय का?’

ताई,

तुमचं पत्र वाचून झालं आणि मी बिलं घेऊन बसले. पत्रात तुम्ही म्हणता, गाडी म्हातारी झाली म्हणून खर्च वाढला. बिलं निराळंच सांगतायत.

बॅटरी, ५,२००. कार्बुरेटर दोनदा उघडला, ६,५००. पेट्रोलची टाकी उतरवून धुतली, ४,८००. चारही चाकांचे व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचं किट, ९,०००. एसी पंप, १,८००. (इतर वाचकांसाठी सांगते, गॅरेजात ज्याला एसी पंप म्हणतात तो पेट्रोल ओढणारा पंप. गारव्याशी त्याचा काही संबंध नाही.) उंदरांनी वायरिंग कुरतडलं, ८,०००. दोनदा टो करून आणावी लागली, ६,०००. बेरीज ४१,३००. यातला एकही खर्च गाडी चालल्यामुळे झालेला नाही. हे सगळे उभ्या गाडीचे आजार आहेत.

कार्बुरेटरच्या वाटीत राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि तळाशी चिकट, वार्निशसारखा थर उरतो. जेटचं भोक इतकं बारीक असतं की तेवढ्यानं बुजतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, व्हील सिलिंडरला आतून गंज चढतो, पिस्टन जागच्या जागी धरतो. बॅटरी वापर नसला तरी उतरत जाते आणि उतरलेली राहिली की कायमची बाद होते. उंदराला तर अंधार आणि शांतता दोन्ही बॉनेटखाली फुकट मिळतात. उरलेल्या बिलांत सायलेन्सर ४,५००, रेडिएटर ७,२०० आणि दाराखालच्या पत्र्याचं काम २१,००० आहे. त्यातला सायलेन्सरसुद्धा मी उभं राहण्याच्याच खात्यात टाकेन. तुम्ही लिहिलंय, ‘दर रविवारी पाच मिनिटं सुरू करून बंद करते.’ पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. पाच मिनिटांत सायलेन्सर पुरता तापत नाही, ते पाणी आतच साचतं आणि तो आतून सडत जातो. इंजिन ऑइलमध्येही ओल राहते. मायेनं केलेली ही पाच मिनिटं गाडीला बाधतात. सुरू करायची तर पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणायची, नाहीतर सुरूच करू नये.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. आमच्याकडे, ठाण्याला, सासऱ्यांची १९७९ ची पद्मिनी होती. ते गेले तेव्हा आम्ही तिच्यावर प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली आणि स्वतःला सांगितलं की आपण गाडी जपून ठेवली. पुढच्या दिवाळीत बघू, पुढच्या दिवाळीत बघू, असे तीन पावसाळे गेले. ताडपत्री काढली तेव्हा आत कोंदट, आंबूस वास होता आणि सीटवर हिरवी बुरशी. जॅक लावला तर तो पत्र्यातून आरपार वर आला. इंजिन जाम. शेवटी भंगारवाला क्रेन घेऊन आला. त्याने गाडी उचलली तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सुटून खाली जमिनीवर राहिला, त्यावर सासऱ्यांनी घातलेलं रबरी मॅटही तसंच. माझे यजमान ते मॅट उचलून घरात घेऊन आले आणि बराच वेळ हातात धरून बसले. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला ते मॅट आठवलं. तुमच्या गाडीचं तसं होऊ नये म्हणून हे उत्तर जरा लांबलंय.

अण्णांच्या वहीतली एक ओळ तुम्ही उतरवून पाठवली आहे: ‘२ मार्च १९९९. पेट्रोल २० लि. वाडी. पॉइंट साफ केले.’ (पॉइंट म्हणजे ठिणगीची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क.) आणि पुढे म्हणता की ते दर पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जायचे, महिन्याला चारेकशे किलोमीटर सहज व्हायचे, आणि ‘तेव्हा गाडी कधी त्रास द्यायची नाही.’ ताई, या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. गाडी चालत होती म्हणून त्रास देत नव्हती. वही पुन्हा काढा आणि शेवटच्या चार वर्षांच्या नोंदी बघा. त्या विरळ होत गेलेल्या दिसतील. तुमच्या हातात गाडी आली ती चार वर्षं उभी राहिलेली, आणि तो सगळा तुंबलेला खर्च एका वर्षात तुमच्या नावावर पडला.

म्हणून ७४,००० भागिले ६१०, म्हणजे किलोमीटरमागे सव्वाशेच्या जवळपास, हा आकडा बघून घाबरू नका, आणि नवऱ्यालाही तेवढाच आकडा दाखवू नका. चालती गाडी ठेवायला काय लागतं ते मी मांडून बघितलं. वर्षाला १,३०० किलोमीटर, लिटरला बारा धरले तर साडेअकरा हजारांचं पेट्रोल. एक हजार एकोणनव्वद सीसीच्या खाजगी गाडीचा थर्ड पार्टी विमा जीएसटी धरून चार हजारांच्या घरात. पीयूसी वर्षातून दोनदा, पाचेकशे. ऑइल, प्लग, पॉइंट, कंडेन्सर, सटरफटर मिळून पाच हजार. आणि अडीअडचणीला पंधरा हजार बाजूला. सगळे मिळून छत्तीस हजार, महिन्याला तीन हजार. हा खर्च कमी नाही. शिक्षिकेच्या पगारात तीन हजारांचं काय काय होतं ते मला ठाऊक आहे. पण ‘दर वर्षी ७४,००० आणि वर इंजिन’ या भीतीपुढे हा आकडा समोर घेऊन बसता येण्यासारखा आहे.

पैशापेक्षा अवघड प्रश्न वेगळा आहे. दर पंधरवड्याला, पाऊस असो, परीक्षा असोत, घरात पाहुणे असोत, ही गाडी तासभर कोण काढणार? तुम्ही काढणार असाल आणि त्यात तुम्हाला आनंद असेल, तर ठेवा. ‘काढलीच पाहिजे’ असं ओझं होणार असेल, तर दोन वर्षांत ती पुन्हा दारात उभी राहील आणि मग खरोखरच सडेल. तुम्ही कोणत्या बाजूला आहात ते पत्रावरून मला थोडंफार दिसतंय. तुम्ही लिहिलंय की सकाळी चोक ओढून, दोनदा ॲक्सिलरेटर मारून किल्ली फिरवली की आधी सगळी गाडी अंगावर काटा आल्यासारखी थरथरते आणि मग इंजिन लागतं. त्रिकोणी काच उलटी फिरवली की वारा सरळ तोंडावर येतो. स्टिअरिंगजवळचा गिअर टाकताना अजून अण्णांचा हात दिसतो. पेट्रोल पंपावर एखादे अनोळखी आजोबा बॉनेटवर हात ठेवतात आणि ‘आमच्याकडे फियाट होती’ म्हणून सुरू होतात. पद्मिनी नाव पडून पन्नास वर्षं होऊन गेली तरी लोक तिला फियाटच म्हणतात. ज्या बाईला नुसतं ओझं वाटतं ती असं लिहीत नाही.

आता इंजिनाकडे येते. साठ हजारांच्या कामाला लगेच हो म्हणू नका. चाचांवर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही, फक्त आधी मोजून घ्या. तुम्ही लिहिलंय, ‘सकाळी पहिल्यांदा सुरू केली की निळा धूर येतो, मग थांबतो.’ हा तपशील फार महत्त्वाचा आहे. रात्रभरात ऑइल झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून खाली झिरपतं आणि सकाळी जळतं, तेव्हा असा धूर येतो. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर चढावर, जोर लावल्यावर, सतत येतो. चाचांना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासायला सांगा. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, एकेका भोकाला गेज लावून सेल्फ मारायचा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण दहा टक्क्यांच्या फरकात असतील तर बोअर करायची घाई नाही. एखादा फारच खाली असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा बघायचं. आकडा वर आला तर रिंगा, नाही आला तर व्हॉल्व्ह. नुसतं हेड उतरवून काम केलं तर खर्च कितीतरी कमी येतो. हेड ॲल्युमिनियमचं आहे, म्हणून उतरवलंच तर फेस सरळ आहे ना हे बघून घ्या आणि रेडिएटरमध्ये नळाचं नुसतं पाणी घालणं कायमचं थांबवा, कूलंट घाला.

पण सगळ्यात आधी ब्रेक. माझं याबाबत ठाम मत आहे. जुन्या गाडीची हौस करणारे पुष्कळ लोक पहिला पैसा रंगावर घालतात, आणि आत चाळीस वर्षांचे रबरी होज पाइप तसेच असतात. पद्मिनीला पुढेमागे ड्रम ब्रेक आहेत. समोरची नवी गाडी जितक्या अंतरात थांबेल तितक्यात ही थांबत नाही. होज बदला, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी पूर्ण बदला, सीट बेल्ट नसतील तर निदान पुढच्या सीटना बसवून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी दहा वर्षांपूर्वीचं साल असेल तर ते टायर काढून टाका. बॅटरीला कट-ऑफ स्विच बसवा, आणि सीटखाली आग विझवायचा छोटा सिलिंडर ठेवा.

तो सिलिंडर पेट्रोलच्या आगीसाठी. पंपावर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. तुमच्या भागातल्या साखर कारखान्यांचा त्यात वाटा आहे, शेतकऱ्याला त्याचा उपयोगही आहे, पण १९८६ ची गाडी त्यासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल पाणी ओढतं, जुनं रबर फुगवतं किंवा ठिसूळ करतं, टाकीतला जुना थर सुटा करून पुढे पाठवतं. तुमचा एसी पंपाचा पडदा गेला त्यामागे हेही असू शकतं. टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप इथेनॉल चालेल असे घ्या. त्यातला एखादा पाझरला तर खाली गरम मॅनिफोल्ड असतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. मध्ये पारदर्शक फिल्टर लावा म्हणजे कचरा डोळ्यांना दिसेल. पेट्रोल महिन्यात संपेल एवढंच भरा. उन्हाळ्यात गाडी तापून बंद पडली तर एसी पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं थांबायचं, हे अण्णांनाही ठाऊक असणार.

स्पेअर पार्टचं म्हणाल तर एक गोष्ट समजून घ्या. कुर्ल्याचा कारखाना बंद होऊन पाव शतक झालं, तरी इतकी वर्षं पद्मिनीचा माल सहज मिळत होता तो मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमुळे. हजारो टॅक्सी रोज रस्त्यावर होत्या, म्हणून कोणीतरी क्लच प्लेट बनवत होतं, कोणीतरी वॉटर पंप. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली, मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तीही रस्त्यावरून गेली. रोजचं गिऱ्हाईक संपलं. माल अजून आहे, मुंबईत ऑपेरा हाउसला, पुण्यात नाना पेठेत, पण तो हळूहळू आटणार. झिजणाऱ्या वस्तू एकेक आताच घेऊन ठेवा: क्लच प्लेट, वॉटर पंप, हेड गॅस्केट, डेल्कोचं (म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण आणि रोटर, पॉइंट, कंडेन्सर, व्हील सिलिंडरची किटं. काचेची रबरं मिळाली तर सोडू नका. बाकी बुश, पिन असल्या गोष्टींची तुम्हाला चिंता नाही. कोल्हापूरचं उद्यमनगर तुमच्यापासून तासा-दीड तासावर आहे. नमुना दिला की लेथवर हुबेहूब काढून देणारे हात तिथे आहेत.

पार्टपेक्षा चाचांची मला जास्त काळजी वाटते. ते बहात्तरचे आहेत. टॅपेट कान लावून बसवणारा, कार्बुरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून इंजिनाचा आवाज सुधारणारा माणूस तुमच्या भागात दुसरा कोण आहे? त्यांच्या गॅरेजात हाताखाली कोणी मुलगा आहे का? असेल तर त्यालाही कामाला बोलवा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. तुम्ही स्वतः पॉइंटची फट फीलर गेजने कशी बघायची, प्लग कसे साफ करायचे, फॅन बेल्ट कसा बदलायचा एवढं शिकून घ्या. वर्गात तुम्ही रोज शिकवता, शिकणं तुम्हाला जड नाही. चाचा सांगतील ते अण्णांच्याच वहीत लिहा. रस्त्यात बंद पडलेल्या दहापैकी सात-आठ वेळा एवढ्यावर निभावतं, आणि टोचे पैसे वाचतात. पावसाळ्यात डेल्कोचं झाकण आतून कोरड्या फडक्याने पुसलं तरी निम्मी भांडणं मिटतात. आणि प्लास्टिकने झाकू नका, सुती कव्हर घाला. ते मी आमच्या गाडीवरून शिकले.

घरच्यांबद्दल. नवऱ्याच्या तक्रारीतलं एक वाक्य तुम्ही ओघात लिहून गेलात: ‘रविवारी तू गॅरेजात असतेस.’ त्यावर तुम्ही पैशांचं उत्तर दिलंत. ते पैशांबद्दल बोलतच नसतील तर? वर्षभर दोघांना मिळून असलेला एक दिवस गॅरेजात गेलाय. गाडीचा तास ठरवून टाका, रविवारी सहा ते आठ, आणि त्यांना शेजारच्या सीटवर बसवून न्या. हरिपूरला संगमावर चहा घेऊन परत या. गॅरेजचं काम शनिवारी दुपारी.

भावाला रागावू नका, पण त्याच्याशी आकड्यात बोला. महिन्याला तीन हजार लागतात, त्यातले दीड तू दे, एवढं सरळ लिहून पाठवा. देणार असेल तर त्याचं मत मोजा. नसेल तर गाडीचं काय करायचं ते तुम्ही ठरवाल, हेही त्याच निरोपात लिहा. इलेक्ट्रिकचं म्हणाल तर त्याला मान्यताप्राप्त किट लागतं, आरटीओची मंजुरी लागते आणि पैसे लाखांत लागतात. शिवाय तुम्ही ज्या थरथरीबद्दल लिहिलंय ती त्यात उरणार नाही.

भावाशी बोलणं एरवीही टळणार नाही, कारण कागद. पत्रात तुम्ही म्हणता, ‘आरसी अजून अण्णांच्या नावावर आहे, विमा ऑनलाइन भरते.’ ताई, हे आधी सोडवा. मालक गेल्यावर वारसाने तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असा नियम आहे. उशीर झालाय, त्याचा दंड पडेल, पण काम होतं. मृत्यूचा दाखला लागेल, आणि आईचं व भावाचं संमतीचं प्रतिज्ञापत्र. भावाचं तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून घ्या, त्याला वेळ लागतो म्हणून आजच सांगा. उद्या दुर्दैवाने कोणाला धक्का लागला, तर गेलेल्या माणसाच्या नावावरची पॉलिसी घेऊन तुम्ही कुठे उभ्या राहणार? विमाही तुमच्या नावावर करून घ्या. मग नोंदणीचं नूतनीकरण, नमुना २५, गाडी प्रत्यक्ष तपासून घेऊन. ही फी २०२२ च्या एप्रिलमध्ये ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांना १०,००० झाली. वर पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटली तर महिन्याला ५०० रुपये विलंब शुल्क. आकडे बदलत असतात, भरण्याआधी परिवहनच्या पोर्टलवर बघून घ्या. नंबरची पाटी जुनी असेल तर नवी हाय सिक्युरिटी पाटीही लागेल.

कोणी ‘व्हिंटेज करून टाका’ असा सल्ला देईल. त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं व्हावी लागतात, तुमची गाडी २०३६ मध्ये तिथे पोचेल. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. जिला चालवत ठेवण्यातच अर्थ आहे तिच्यासाठी हा सौदा मला पटत नाही.

विकण्याचंही बोलू. ते मी वाईट मानत नाही. तुमचं ‘दुसऱ्यांदा पोचवून येणं’ हे वाक्य वाचून मला भरून आलं, पण तुम्ही स्वतःला एक विचारा: अण्णा गाडी कापून काउंटर करणाऱ्याला द्याल म्हणून दुखावले असते, की गाडी कोणा जीव लावणाऱ्याला द्याल म्हणून? हॉटेलवाल्याला नाही सांगायला मी तुम्हाला जोर देईन. पण एक वर्ष पाळून बघितलं, महिन्याला तीन हजार आणि पंधरवड्याला एक सकाळ असा हिशेब ठेवला, आणि तरी जमत नाही असं दिसलं, तर गाडी चालती असताना विका. एखादा तरुण येईल, बॉनेट उघडायच्या आधी खाली वाकून पत्रा बघेल, त्याला द्या. दीडऐवजी एक लाख मिळाले तरी. अण्णांची वही मात्र देऊ नका, फार तर झेरॉक्स द्या, त्याला उपयोग होईल.

आणि आईंना विचारा. तुम्ही, भाऊ, नवरा, हॉटेलवाला, सगळ्यांनी मत दिलं. ज्या बाई सदतीस-अडतीस वर्षं या गाडीच्या पुढच्या सीटवर बसल्या, त्यांना कोणी विचारलेलंच नाही. त्यांना वाईट वाटेल हे आपण परस्पर ठरवलं. कदाचित त्या म्हणतील, काढून टाक, मला रोज दारात बघवत नाही. कदाचित दुसरंच काही म्हणतील. घरात बसून विचारू नका. होज आणि ब्रेकचं काम झालं की पुढच्या पौर्णिमेला पहाटे त्यांना पुढे बसवा, त्रिकोणी काच त्यांच्या बाजूची उघडा, आणि वाडीला निघा. तुमच्याकडून वीसेक किलोमीटर. ऑइल नीट तापून त्यातली ओल निघून जायला तेवढं अंतर नेमकं पुरतं, आणि अण्णा ते जाणून होते असं मला त्यांच्या वहीवरून वाटतं.